भट्टी पेटती ठेवणारा

प्रिय ठकू,

तुझं पत्र येऊन आज तेवीस दिवस झाले. ते टेबलावरच आहे. रोज सकाळी चहा घेताना मी त्याच्याकडे बघतो आणि उत्तर उद्यावर ढकलतो. चार उत्तरं लिहिली आणि चारही फाडली. समोरच्या शिवणवाल्या बाई, ज्या अजूनही मला तोंडावर हट्टी म्हातारा म्हणतात, त्यांनी परवा केराची टोपली बघून विचारलं की या वयात कविता सुचायला लागल्या की काय. तेव्हा उशीर झाला म्हणून रागावू नकोस. तू विचारलंस ते एवढंच, की तुझी छकुली आता सात वर्षांची झाली, सुट्टीत तिला दोन महिने माझ्याकडे ठेवू का, आणि तुम्हा दोघा भावंडांना मी दिलं तसंच धर्मशिक्षण तिलाही देईन का. जिने अठराव्या वर्षी प्रश्नोत्तरीचं पुस्तक माझ्यासमोर आपटून चर्चची पायरी सोडली, लग्नसुद्धा कचेरीत जाऊन लावलं, तिने आपण होऊन हे लिहावं! दुसरा एखादा बाप आनंदाने गावभर सांगत फिरला असता. मी माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. तिला या शिकवणीसाठी पाठवू नकोस. माझ्याकडे नको आणि माझ्यासारखं शिकवणाऱ्या दुसऱ्या कुणाकडेही नको. का, ते सांगायला मला जरा लांबून यावं लागेल.

मी बरा आहे. गुडघे जिना चढताना कुरकुरतात, उतरताना मात्र गुपचूप असतात. गुंड्या गेला, त्याची खोली मी आवरली. त्याचे चष्मे तीन निघाले, त्यातले दोन फुटके. कपडे शिवणवाल्या बाईंनी गरजूंना देऊन टाकले, कोट तेवढा मी ठेवला, मला आखूड होतो तरी. आणि एक बातमी तुला माझ्याकडूनच कळावी म्हणून लिहितो. मी चर्चमधला शनिवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग सोडला. चाळीस वर्षांनंतर वर्गखोलीची किल्ली फादरांच्या हातात ठेवली. फादर तरुण आहेत, मनाने चांगले आहेत, त्यांना वाटलं पोरगा गेला म्हणून म्हातारा खचला. म्हणाले, काका, थोडी विश्रांती घ्या, मग या परत, मुलं तुमची वाट बघतील. मी म्हटलं, मुलांनी माझी वाट बघू नये अशीच माझी इच्छा आहे. त्यांना ते थट्टेचं वाटलं. मी थट्टा करतो असं लोकांना नेहमी नको तिथे वाटतं.

तुला तो भट्टीचा शनिवार आठवतो ना? दरवर्षी सात वर्षांची नवी मुलं वर्गात आली की तिसऱ्या धड्याला मी त्यांना मी कामाला होतो त्या काचकारखान्यात न्यायचो. पाळीच्या मुकादमाची परवानगी काढून ठेवलेली असायची. बाटल्यांच्या क्रेटवर मुलांना ओळीने बसवायचं, एकेकाला उचलून भट्टीच्या झरोक्यापाशी धरायचं, डोळ्यांपुढे निळी काच द्यायची आणि पाच आकडे मोजायचे. आत काच वितळून पांढरी झालेली, नजर ठरत नाही, तोंडाला झळ लागते, आणि आवाज असा की पोटात घुमतो. पाच म्हटलं की खाली. सगळ्यांचं झालं की मी विचारायचो, ही आग कधीपासून पेटलीय? कुणी म्हणे सकाळपासून, कुणी म्हणे रविवारपासून. मग मी सांगायचो, तुम्ही जन्मलात तेव्हापासून एक क्षणही विझलेली नाही. तुम्ही रांगत होतात, चालायला लागलात, दात पडले, नवे आले, आणि ही पेटतीच आहे. आणि बाळांनो, ही काहीच नाही. पश्चात्ताप न करता मरणाऱ्यासाठी जी आहे, ती कधीच विझत नाही. सार्वकालिक या शब्दाचा अर्थ मी असा शिकवायचो. मोठे फादर तेव्हा भर प्रवचनात माझं कौतुक करायचे की जे आम्हाला तासभर बोलून जमत नाही ते हा भट्टीवाला पाच आकड्यांत करतो. माझी छाती फुगायची. आज ते आठवलं की तोंड कुठे लपवावं कळत नाही.

तुझी पाळी आली तेव्हा तू पाचच्याऐवजी दहा मोजलेस, खाली उतरायला तयार नव्हतीस. म्हणालीस, साखरेचा पाक उकळतोय. आणि मग सगळ्या मुलांसमोर विचारलंस की बाबा, यात जळण कोण टाकतं? मी तुला दटावलं, धड्याच्या मध्ये बोलायचं नाही म्हणून. चाळीस वर्षांत इतक्या मुलांनी त्या झरोक्यातून बघितलं, पण मुद्द्याचा प्रश्न एकटीने विचारला आणि तिला मी क्रेटवर शेवटच्या रांगेत बसवलं. दोन वर्षांनी गुंड्याला उचललं. त्याने काहीच विचारलं नाही. मी पाच म्हणायच्या आत त्याची चड्डी ओली झाली आणि माझी बाहीसुद्धा. मुलं हसली, मीही हसलो, त्याला वाईट वाटू नये म्हणून. घरी आल्यावर कितीतरी दिवस तो चुलीशी फिरकला नाही. आई पोळी तव्यावरून ताटात टाकायची तर हा ती गार होईपर्यंत हात लावत नसे. तुझी आई म्हणाली, पोराने धसका घेतलाय. मी म्हणालो, धसका नाही, धडा घेतलाय. अगदी असंच म्हणालो, आणि स्वतःच्या वाक्यावर खूश झालो.

मग ते भट्टी थंड करायचं वर्ष आलं. तुम्हाला कौतुक होतं की बाबा पंधरा दिवस घरी लवकर येतात. अकरा वर्षं जळल्यावर भट्टीच्या आतल्या विटा खलास होतात. काच ओतून रिकामी करायची, जळण हळूहळू कमी करायचं, आणि आठवडाभराने माणसाला आत जाता येतं. मी आत गेलो होतो. जिथे हातभर जाड विटा बसवल्या होत्या तिथे दोन बोटं उरल्या होत्या. मुकादम म्हणाला, भट्टीसुद्धा दमते, आपणच तिला उठवून बसवतो. मी घरी येऊन हे जेवताना सांगितलं, गंमत म्हणून. गुंड्या तेव्हा नऊ वर्षांचा. त्याचं तोंड असं उजळलं, ठकू, की मला अजून दिसतं. घास हातात धरून त्याने विचारलं, बाबा, मग तीपण कधीतरी थंड करतात का? ती म्हणजे कुठली हे घरात कुणाला सांगायला नको होतं. तुझी आई माझ्याकडे बघत होती. तिने डोळ्यांनी विनवलं मला. आणि मी म्हणालो, नाही बाळा, ती कधीच नाही. त्याने घास ताटात परत ठेवला. मला त्या वेळी वाटलं, मी खरं बोललो, आणि खरं बोलायला धाडस लागतं.

पुढचं तुला तुटक तुटक माहीत आहे, कारण तू घर सोडलंस आणि मी रागाने सहा वर्षं तुला ओळ लिहिली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसला मी. गुंड्या छापखान्यात मुद्रितं तपासायला लागला. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असं काम त्याला देवानेच दिलं असं आम्ही चेष्टेने म्हणायचो. पण घरी येताना तो अर्ध्या वाटेवरून छापखान्यात परत जायचा. एखादी चूक राहिली असेल, ती वाचून कुणाचं काही वाईट झालं तर ते माझ्या डोक्यावर, म्हणायचा. कबुलीला आठवड्यातून तीनदा जायचा. शेवटी फादरांनी हात जोडून सांगितलं, बाबा रे, महिन्यातून एकदाच ये. तर हा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चर्चमध्ये जायला लागला, जिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. काय सांगत असेल तिथे? ज्याने आयुष्यात मुंगीला धक्का लावला नाही, तो कसली पापं सांगत असेल? त्याच्यासाठी एक स्थळ आलं होतं, शाळेत शिकवणारी मुलगी, तिलाही तो आवडला होता. त्याने नकार दिला. तुझ्या आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, मूल झालं आणि ते तिथे गेलं तर? त्यापेक्षा नको व्हायला. तुझी आई हे मला सांगून रडली. मी पेपर वाचत होतो. मी म्हणालो, त्याला जरा भीती आहे, ते चांगलंच आहे.

तो गेल्यापासून मी दुसरं काही करत नाही, फक्त विचार करतो. मी शिकलेला माणूस नाही. शास्त्र जेवढं वर्गासाठी लागे तेवढंच पाठ. पण आगीबद्दल मला कुणी शिकवू नये. एकतीस वर्षं मी तिच्याशेजारी काढली. आग आपणहून टिकत नाही, ठकू. ती विझायलाच बघते. ती पेटती ठेवायची तर पाळीपाळीने माणूस लागतो, ज्याने आठ तास मापं बघायची, जळण सोडायचं, वाळू आणि फुटकी काच आत लोटायची. आणि ते रागाने होत नाही. आठ तास राग धरवत नाही कुणाला, एकतीस वर्षं कुठला धरवणार. ते थंड डोक्याने, सवयीने करावं लागतं. म्हणजे जी आग कधीच विझत नाही असं मी चाळीस वर्षं मुलांना सांगितलं, तिच्याशी कुणीतरी उभा असला पाहिजे. त्याने दर पाळीला नव्याने ठरवलं पाहिजे की आजही विझवायची नाही. आत कोण, तर छापखान्यात चुका शोधणारा एक घाबरट माणूस. आता तो सुधारणार नाही, कारण सुधारायची सोयच ठेवलेली नाही. कुणाची भरपाई होत नाही, बघून कुणी शहाणं होत नाही. मग ती आग कशासाठी ठेवायची? आमचा मालक महाखडूस माणूस. पण दारू पिऊन कामावर आला म्हणून एकाला त्याने महिनाभर घरी बसवलं आणि परत घेतलं. मला असा देव मानता येत नाही जो आमच्या मालकापेक्षाही कोत्या मनाचा आहे.

मी फादरांना विचारलं. त्यांनी मला टाळलं नाही, बसवून घेतलं, सरबत दिलं. म्हणाले, काका, देव अनंत आहे, म्हणून त्याच्याविरुद्धचं पापही अनंत, आणि शिक्षाही तशीच. मी म्हटलं, मग माझ्या पोराने त्याच अनंत देवासाठी जे केलं, थंडीत पायी जाऊन चर्च झाडायचा, आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिची घाण काढायचा, ते का नाही अनंत? तिथे मोजमाप, आणि इथे बेहिशेब? त्यांनी सरबताचा पेला बाजूला सारला. मग म्हणाले, आपल्याला सगळं कळत नाही. मी म्हटलं, खरंय, पण कळत नसताना मी सात वर्षांच्या मुलांना पाच आकडे मोजून शिकवलं. ते म्हणाले, तुमचं दुःख बोलतंय. बोलू दे की. आजवर माझं दुःख कधी बोललं नव्हतं, नेहमी धडाच बोलायचा.

तू म्हणशील, बाबा, हे सगळं ठीक, पण मग गुंड्या इतका शांतपणे कसा गेला? तुझ्या पत्रात तेच लिहिलंयस. गुंड्या गेल्यावर मी तुला कळवलं होतं की त्याच्या हातात क्रूस होता, चेहऱ्यावर हसू होतं, प्रार्थना म्हणता म्हणता झोपल्यासारखा गेला. ते वाचून तू आतून हललीस. इतक्या वर्षांनी चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसून आलीस. लिहिलंयस की जी शांती माझ्या भित्र्या भावाला शेवटी मिळाली ती माझ्या मुलीलाही मिळावी, मी तुमच्यावर अन्याय केला बाबा. ते वाक्य मी रोज चहा घेताना पुन्हा वाचतो. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तू मुलगी पाठवायला निघालीस ती माझ्या त्या पत्राच्या भरवशावर, आणि ते पत्र खोटं होतं.

खरं काय झालं ते लिहितो, आणि त्यासाठीच हे सगळं लिहिलं. त्या दिवशी सकाळी फादर येऊन गेले होते. कबुली झाली, आजाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावलं, सगळं रीतसर झालं. तरी तो चादरीची कड मुठीत धरून सारखा म्हणत होता, एक राहिलं, काहीतरी एक सांगायचं राहिलं. दुपारी अडीचचा सुमार असेल. खिडकीत वाळत घातलेले त्याचे सदरे होते, समोर शिवणयंत्र चालू होतं. पोटातल्या गाठीने तो इतका वाळला होता की उशीवर डोकं लहान मुलाचं वाटायचं. तो एकदम शांत झाला, माझ्याकडे वळला आणि स्पष्ट आवाजात विचारलं, बाबा, मी तिथे गेलो तर तुम्ही मला तिथे राहू द्याल? एवढाच प्रश्न. चौतीस वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेली बहुधा ही एकच गोष्ट. उत्तर माझ्या ओठांवर होतं, नाही रे राजा, मी हातांनी विझवीन ती. पण मला भीती वाटली. वाटलं, शेवटच्या घटकेला मी खोटा धीर दिला, हा गाफील राहिला आणि त्याचा घात झाला तर? आणि मी म्हणालो, देवाचा न्याय कधी चुकत नाही, बाळा. तो म्हणाला, हो. वर्गात उत्तर बरोबर आल्यावर मुलं म्हणतात तसं, हो. मग भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी सहापर्यंत होता, पण माझ्या हातून पाणी घेतलं नाही. शिवणवाल्या बाईंनी येऊन चमच्याने दिलं ते घेतलं. डोळे उघडे ठेवून गेला, आणि त्या डोळ्यांत काय होतं ते मी तुला लिहिणार नाही. क्रूस मी नंतर हातात ठेवला, बोटं वाकवून. मेल्यावर कोण कुठे जातं मला माहीत नाही, आता मी माहीत असल्याचा आवही आणणार नाही. पण सातव्या वर्षापासून तो कुठे राहत होता ते मी जवळून पाहिलंय, आणि त्याला तिथे मीच नेलं होतं. छकुलीला घेऊन यायचं की नाही ते तू ठरव. आणलंस तर मी तिला काहीही शिकवणार नाही, तिने विचारलं तर माहीत नाही म्हणेन, आणि ती घाबरली तर उचलून घेईन. तुझी क्षमा मागायचं धाडस मला नाही. मी तुम्हाला शिकवलं होतं की क्षमेला मुदत असते, श्वास संपला की दार बंद. तेही विसर. आज जमलं नाही, पुढच्या वर्षी जमलं नाही, मी जाऊन वीस वर्षं झाली आणि मग कधी एखाद्या दुपारी जमलं, तर तेव्हा कर. तोवर रागाव हवं तेवढं, पण माझ्यासाठी दार बंद करू नकोस.

तुझाच,
बाबा